तीन नंबरचा खड्डा, अखेर ५२ टक्के

तीन नंबरच्या खड्ड्यातली हरवलेली चिकण (मातीतले सगळ्यांत बारीक, दोन मायक्रॉनहून लहान कण) काल रात्री सापडली. घोळ मातीत नव्हताच, कपाटातल्या बाटलीत होता. पण तिथवर पोचायला मला सात आठवडे आणि पाण्यात माती ढवळून बसू द्यायचे बारा काचेचे सिलिंडर लागले, त्यामुळे ही नोंद लांबणार. आधीच सांगून ठेवते.

खड्डे तुम्हाला माहीतच आहेत: एक माथ्यावर, दोन मधल्या उतारावर, तीन पायथ्याला. खडक तिन्हीकडे बेसाल्टच. माथ्याची माती तांबडी, मुन्सेलच्या रंगतक्त्यावर २.५ वायआर ४/६. पायथ्याची काळी, १० वायआर ३/१. तीनमध्ये उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि साठ सेंमीच्या खाली ढेकूळ फोडलं की आतल्या बाजू घासून चकचकीत झालेल्या दिसतात. फुगणारी-आकसणारी माती स्वतःवरच घासली जाते, त्याची ही खूण. ओली करून अंगठ्याने दाबत पुढे सरकवली तर सात सेंमीची पट्टी न तुटता लोंबते. पट्टी पाचच्या पुढे गेली की चिकण ४० टक्क्यांच्या वर, हा आपला हाताचा हिशेब.

आणि हायड्रोमीटर, म्हणजे ढवळलेल्या पाण्यात किती माती अजून तरंगतेय ते मोजणारी काचेची नळी, म्हणत होता ३१.

पहिला संशय अर्थातच हायड्रोमीटरवर. स्वस्तातला आहे, कागदी पट्टी काचेत सरकलेली असू शकते. वीस अंशाच्या डिस्टिल्ड पाण्यात सोडला, शून्यावर बरोबर उभा राहिला. म्हणजे तो निर्दोष. मग गणित काढलं आणि तिथे खरंच चूक सापडली. माझ्या खोलीत पाणी २७ अंशांवर असतं, म्हणून मी वीसच्या वरच्या दर अंशाला ०.३६ प्रमाणे अडीच ग्रॅम मिळवत होते. शिवाय त्याच तापमानाच्या कोऱ्या (माती न घातलेल्या, बाकी सगळं तेच) सिलिंडरचं वाचन वजाही करत होते. अहो, कोऱ्या सिलिंडरमध्ये तापमानाचा फरक आधीच धरलेला असतो! एकच दुरुस्ती दोनदा. ती काढून टाकली आणि ३१ चे झाले २५. चूक सापडल्याचा आनंद पाच मिनिटंही टिकला नाही, कारण हात आणि यंत्र यांच्यातली दरी आणखी रुंदावली.

दुसरा संशय चुनखडीवर. तीनमध्ये पांढरे खडे आहेत, आम्लाचा थेंब टाकला की फसफसतात. चुना कणांना एकमेकांना चिकटवून धरतो, तेव्हा आधी तो काढावा म्हणून सौम्य आम्लाने माती धुतली आणि तीन वेळा पाण्याने खळाळली. निकाल आणखी वाईट. आता विचार केला तर उघड आहे: आम्लाने चुना विरघळला, पण त्यातलं कॅल्शियम द्रावणात मोकळं झालं आणि तीन धुण्यांत ते गेलं नाही. चिकणीच्या गुठळ्या बांधण्यात कॅल्शियमचा हात कोण धरणार? मी रोग काढायला गेले आणि तोच वाढवून आले.

खरी खूण मात्र सात आठवडे माझ्या नाकासमोर होती. ढवळून तासभर झाला की सिलिंडरचा वरचा तिसरा हिस्सा स्वच्छ दिसायचा आणि खाली नासलेल्या दुधासारखा थर सरळ रेषेत उतरत जायचा. मी त्या रेषेकडे कौतुकाने बघायचे. काय छान बसतंय, असं. परवा सहज स्टोक्सच्या नियमाने हिशेब केला. दोन मायक्रॉनचा कण २७ अंशांच्या पाण्यात दहा सेंमी उतरायला साधारण पावणेसात तास घेतो. माझी रेषा तासात बारा सेंमी उतरत होती, म्हणजे आठपट वेगाने. वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा उतरत होतं ते निदान पावणेतीनपट जाड होतं. चिकणीचे कण सुटेच झाले नव्हते. गुठळ्या करून गाळाच्या (चिकणीहून जाड, वाळूहून बारीक कणांच्या) वेगाने खाली जात होते आणि मी त्यांना गाळ म्हणून मोजत होते.

मग बाटलीकडे वळले. सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचं द्रावण, चिठ्ठीवर तारीख सात महिन्यांपूर्वीची. हे पाण्यात राहिलं की हळूहळू तुटून साधं फॉस्फेट होतं आणि कण सुटे करण्याची ताकद जाते. दिसायला तसंच नितळ, वासही नाही, काही कळत नाही. शिवाय ती पहिली पावडर मी 'पाणी मऊ करणारी' एवढंच लिहिलेल्या पाकिटातून घेतली होती, आत नेमकं काय ते छापलेलंच नव्हतं. नावावर जाऊ नका, घटक छापलेले असतील तरच घ्या. नवी पावडर आणली, लिटरला ५० ग्रॅम. (ढवळत ढवळत भुरभुरा. एकदम ओतलीत तर तळाशी काचेसारखा गोळा बसतो आणि तासभर चमचा आपटत राहावं लागतं.) चाळीस ग्रॅम मातीला शंभर मिली, रात्रभर भिजत, सकाळी मिक्सरवर पाच मिनिटं.

रात्री वाचन घेतलं: २४. कोरा सिलिंडर ३. एकवीस भागिले चाळीस, साडेबावन्न टक्के. आज सकाळी उठून पाहिलं तर सिलिंडर अजून वरपर्यंत गढूळ, रेषा कुठेच नाही. एवढं घाण पाणी बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

तांबडी मात्र अजून हुलकावणी देतेय. नव्या द्रावणाने एक नंबर २० वरून ३० वर आला, पण माझा हात ३५ च्या पुढे सांगतो. आणि हातही एकदम सांगत नाही: सुरुवातीला पट्टी दोन सेंमीवर तुटते, दहा मिनिटं मळत राहिलं की चार सेंमी निघते. लोहाच्या ऑक्साइडने चिकणीचे कण वाळूसारख्या बारीक दाण्यांत बांधलेले असतात, ते मळताना फुटत जातात. पाच मिनिटांच्या मिक्सरने ते पुरते फुटत नसावेत. रात्रभर हलवत ठेवायची सोय करायला हवी, जुन्या पंख्याची मोटर डोक्यात आहे.

हा सगळा खटाटोप नकाशाशी ताडून बघण्यासाठी, हे विसरायला नको. सॉइलग्रिड्स या जगभरच्या मातीच्या नकाशाचा चौकोन २५० मीटरचा. माझे एक आणि तीन नंबर २१० मीटर अंतरावर, आणि नशीब असं की एकाच चौकोनात. म्हणजे नकाशाच्या लेखी तांबडी आणि काळी ही एकच माती, एकाच आकड्याची. वर्ल्डक्लिम या हवामानाच्या नकाशाचा चौकोन तर साधारण किलोमीटरचा, तेव्हा पाऊस आणि तापमानही दोघींना तेच. यात नकाशाचा दोष नाही. तो अख्ख्या चौकोनाचा अंदाज देतो, सोबत खालची-वरची मर्यादाही देतो. चीड येते ती त्यावर टिचकी मारून 'आमच्या मातीत चिकण अमुक टक्के' असं ठोकून देणाऱ्यांची.

फरक दाखवतो तो फक्त उंचीचा नकाशा. एसआरटीएमची तीस मीटरची जाळी, २००० च्या फेब्रुवारीत अकरा दिवसांत अंतराळयानातून रडारने मोजलेली. त्यावरून ओलाव्याचा निर्देशांक काढला, म्हणजे वरून वाहून येणारं क्षेत्र भागिले उतार आणि त्याचा लॉग: माथ्याला ५.८, पायथ्याला ११.३. एवढ्या एका आकड्यात सगळी गोष्ट आहे. माथ्यावर पाणी निथरून जातं आणि सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन जातं. मागे लोह आणि केओलिनाइट हे न फुगणारं चिकण-खनिज उरतं. पायथ्याला तेच पाणी तुंबतं, वरून आलेलं सगळं तिथे साठतं आणि फुगणारं स्मेक्टाइट तयार होतं. मृदाशास्त्रज्ञ मिल्नने १९३५ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या टेकड्यांवर अशीच ओळ पाहून तिला कॅटेना म्हटलं, लॅटिनमध्ये साखळी. येनीने १९४१ मध्ये मांडलेले माती घडवणारे पाच घटक घेतले (हवामान, जीवसृष्टी, भूरूप, मूळ खडक, काळ) तर माझ्या दोन खड्ड्यांत हवामान आणि खडक तरी एकच आहेत, आणि ठळक फरक भूरूपाचाच. फुकटात मिळालेला प्रयोगच हा.

तुमच्यापैकी जे बाहेरचे आकडे माझ्याशी ताडून बघताय, त्यांनी फक्त चिकण ताडा. ती दोन मायक्रॉनला बहुतेक पद्धतींत सारखीच तुटते. गाळ आणि वाळू यांची सीमा कुणी ५० मायक्रॉनवर ठेवतो, कुणी ६३ वर, कुणी थेट २० वर. तिथे ताडायला गेलात तर नुसती डोकेदुखी.

हे लिहिता लिहिताच सुचलं: फसलेले बारा सिलिंडर वाया का घालवायचे? माती नुसत्या पाण्यात किती सुटते आणि पूर्ण ताकदीने किती, यांचं प्रमाण मिडल्टनने १९३० मध्ये धूप मोजायला वापरलं होतं. प्रमाण जितकं कमी, तितकी माती पावसात तग धरणारी. माझे बारा तसे चालणार नाहीत, त्यांत अर्धमेलं फॉस्फेट होतं, पण डिस्टिल्ड पाण्यात नव्याने करायला काय हरकत आहे? तांबडीचं लोह आणि काळीचं कॅल्शियम, कोण जास्त घट्ट धरतं ते तरी कळेल.

तेव्हा शेजारच्या टेकडीवरचा चार नंबरचा खड्डा रद्द. आधी हे, आणि मग दोन-तीनच्या मधे, जिथे वीसेक मीटरमध्ये रंग पालटतो, तिथे दर दोन मीटरवर ऑगर, म्हणजे माती वर काढणारं गिरमिट. बादलीवालाच घेणार, स्क्रूवाला वर येताना सगळे थर कालवून टाकतो.

नुसत्या पाण्यातला तीन नंबरचा पहिला सिलिंडर हा मजकूर सुरू करताना लावला होता. आत्ता वरचे पाच सेंमी स्वच्छ.