परत येण्याची कारणं

व्हिसाची फाईल करायला बसले तेव्हा माझा समज असा, की कुठे जाणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार एवढं कागदावर दाखवलं की झालं. यादी दोनदा वाचली आणि लक्षात आलं, तिकडच्या लोकांना आपल्या जाण्याचं काही पडलेलं नाही. त्यांचा सगळा जीव अडकलाय तो आपल्या परत येण्यात.

अमेरिकेच्या कायद्यात तर हे आडपडदा न ठेवता लिहिलंय. कलम 214(बी) म्हणतं, पर्यटक म्हणून अर्ज करणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालायचं. तसं नाही हे त्यानं पटवून द्यायचं. मला जायचं होतं शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत. तिथली भाषा जरा मवाळ, मागणी तीच. नोकरीचं पत्र, मंजूर झालेली रजा, पगाराच्या स्लिपा, घराचे कागद. ऑफिसच्या पत्रात 'अमुक तारखेला कामावर रुजू होतील' हे वाक्य हवंच हवं. एरवी त्या तारखेच्या नुसत्या आठवणीनं पोटात गोळा येतो. इथे मात्र तीच आपली सगळ्यात भक्कम बाजू.

इन्शुरन्सचा कागद मी आधी नीट वाचलाच नव्हता. किमान 30,000 युरोंचं संरक्षण लागतं एवढंच माहीत होतं. रात्री वाचला. आजारपण, हॉस्पिटल, आणि मृत्यू ओढवल्यास मायदेशी परत पाठवण्याचा खर्च! म्हणजे चालत या नाहीतर पेटीतून या, पण या. इतक्या आग्रहानं मला माहेरीही कुणी बोलावलेलं नाही.

मग बँक स्टेटमेंट. स्वतःचं आयुष्य असं तारीखवार, ओळीनं छापलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. महिन्याच्या एक तारखेला जरा ऐट, वीस तारखेनंतर कळा गेलेली. औषधांचं दुकान दर महिन्याला न चुकता. व्यायामशाळेचे पैसे वर्षभरापूर्वी सोडलेल्या व्यायामशाळेला अजून जातायत, हा शोधही तेव्हाच लागला. रात्री साडेअकराला मागवलेली पुस्तकं. कुणी अनोळखी अधिकारी चष्मा सरसावून हे सगळं वाचणार, या कल्पनेनं मला उगाचच अवघडल्यासारखं झालं. पाहुणे येणार म्हणून घर आवरता येतं. सहा महिन्यांचं स्टेटमेंट आवरता येत नाही.

त्यातच एक ओळ खुपत होती. तीन महिन्यांपूर्वी खात्यात एकदम मोठी रक्कम जमा झालेली. धाकट्या भावानं चार वर्षांपूर्वी उसने घेतलेले पैसे परत केले होते. आमच्या घरात या घटनेला ऐतिहासिक महत्त्व आहे. पण परक्या नजरेला ती निव्वळ संशयास्पद: फुगवलेली शिल्लक दाखवण्यासाठी कुणाकडून तरी आणून टाकलेले पैसे. मी भावाला फोन केला.

"तू माझे पैसे परत केलेस, असं लिहून दे."

"ताई, परत केले तरी पुरावा? नव्हते केले तेव्हा तर कधी मागितला नाहीस!"

दिलं बिचाऱ्यानं. सहीनिशी, तारखेनिशी, शेवटी 'आपला विश्वासू'.

फोटोचं फार सांगण्यासारखं नाही. 35 बाय 45 मिलिमीटर, फिकी पार्श्वभूमी, तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर कुठलाही भाव नको. फिरायला निघालेल्या माणसाचा असा चेहरा त्या फोटोशिवाय कुठे सापडणार नाही. नावाचा घोळ मात्र दोन दिवस पुरला. एका कागदावर मधलं नाव आहे, दुसऱ्यावर त्याचं नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर तेही नाही. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी 44-44 अक्षरांच्या दोन ओळी असतात, यंत्रानं वाचायच्या. नाव संपलं की उरलेल्या जागी बाणाच्या टोकासारखी चिन्हं, रांगेनं. यंत्राला माझं नाव अचूक ठाऊक आहे. ऑफिसला, बँकेला आणि घराच्या कागदांना ते तितकंसं पटलेलं नाही, एवढंच.

सगळ्यांत वर कव्हर लेटर. 'मी परत येईन, कारण' इथे मी बराच वेळ थांबले. खरी कारणं अशी: खिडकीतली झाडं, आईचं गुडघ्याचं दुखणं, आणि माझ्या उशीवाचून मला झोप येत नाही. लिहिली ती वेगळी: कायम नोकरी, स्वतःचं घर, आईची जबाबदारी. आई तेवढी दोन्ही याद्यांत आली.

अपॉइंटमेंटच्या दिवशी फाईल बघण्यासारखी होती. रंगीत खुणा, प्लॅस्टिकच्या कव्हरांत एकेक कागद. काउंटरवरच्या मुलीनं पहिल्या मिनिटात सगळी कव्हरं काढली, पिना उपटल्या, गठ्ठा स्वतःच्या क्रमानं लावला. माझ्या आठवडाभराच्या कलाकुसरीचा ढीग बाजूला. मग भावाचं पत्र हातात घेतलं, वरखाली पाहिलं आणि परत सरकवलं.

"हे नको, मॅडम. यादीत नाही."

मी ते घरी आणलं आणि महत्त्वाच्या कागदांत ठेवलं. व्हिसाचं काय व्हायचं ते होईल. भाऊ पुन्हा पैसे मागायला आला, तर 'मागचे दिले होते ना?' असं विचारायची सोय त्यानं आता सहीनिशी करून ठेवली आहे.