मागच्या टायरची वही: ० ते ७४० किमी

शून्याच्या आधी

माझ्या डोंगरी सायकलचा मागचा जुना टायर पुण्याच्या वेताळ टेकडीवर कामातून गेला. खाणीच्या बाजूने उतरताना कातळाची धार डाव्या गालाला घासली, फस्सकन आवाज झाला आणि बोटाच्या पेराएवढी चीर पडली. (साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, आमच्या ग्रुपात गाल म्हणतात, इथेही तेच लिहितो.) नक्षी मात्र ठणठणीत होती, मधले नॉब, म्हणजे जमिनीला पकडणारे रबराचे उंचवटे, निम्मेही झिजले नव्हते. खिशात चिक्कीचं रिकामं वेष्टन होतं. ते चार घड्या करून आतून लावलं, ट्यूब बदलली, हवा बेताची भरली आणि कोथरूडपर्यंत जीव मुठीत धरून आलो.

गेली दोन वर्षं मी टायर घेताना फक्त नॉब बघायचो. दुकानातही नॉबवर नख दाबून ‘ग्रिप बघा साहेब’ एवढंच सांगतात. पण आपल्याकडच्या बेसाल्टला नॉबशी देणंघेणं नाही. तो फुटतो तेव्हा कोयत्यासारख्या कडा सोडतो आणि त्या कडा लागतात गालाला. त्यामुळे या वेळी शोध उलटा सुरू केला: आधी गाल, मग रबर, नक्षी सर्वांत शेवटी.

माझी गरज अशी. वजन ७४ किलो, गाडी २९ इंची हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे, मागे नाही), रिम आतून २५ मिमी. आठवड्यातलं निम्मं अंतर डांबरावर, कारण टेकडीपर्यंत आणि पानशेत रस्त्याच्या मुरुमाच्या फाट्यांपर्यंत मी सायकलनेच जातो. सायकल गाडीच्या टपावर टाकून नेणाऱ्यांनी ही वही बंद केली तरी चालेल, त्यांना वेगळा टायर लागतो.

पुढे मॅक्सिसचा आर्डेंट २.४ आहे आणि तो तसाच राहणार. पुढचं चाक घसरलं की माणूस पडतो, मागचं घसरलं तर बहुतेक वेळा फक्त छातीत धस्स होतं. मागचं चाक म्हणजे हमाल. जास्त वजन त्याच्यावर, पायांचा सगळा जोर त्याच्यातून, आणि हार्डटेलवर बसून राहिलं की दगडाचा प्रत्येक फटका त्यालाच. म्हणून मागे थोडी पकड सोडून द्यायची आणि बदल्यात वेग नि टिकाऊपणा घ्यायचा, असं ठरवलं.

निवड

तीन आठवडे यातच गेले. बायकोने दोनदा विचारलं, ‘अजून टायरच बघतोयस?’

आधी आकार. २९ म्हणजे ईटीआरटीओ आकड्यांत (टायर-रिमचं मिलिमीटरमधलं प्रमाणित माप) ६२२, २७.५ म्हणजे ५८४, २६ म्हणजे ५५९. इंचांच्या भानगडीत न पडता गालावरचा हा आकडा वाचा. मला ५७-६२२ हवा होता, म्हणजे २९ × २.२५. खरं तर २.३५ वर डोळा होता, पण मित्राचं चाक लावून बघितलं तर चेनस्टे (मागच्या चाकाला धरणारी फ्रेमची आडवी नळी) आणि टायर यांच्या फटीत ६ नंबरची ॲलन की जाईना. उन्हाळ्यात चाललं असतं, पावसाळ्यात तिथे चिखलाचं लिंपण झालं असतं.

मग गाल. इथे प्रत्येक कंपनीची वेगळी परिभाषा आहे. मॅक्सिसमध्ये एक्सो म्हणजे गालात चिरा रोखणारा विणलेला थर, एक्सो प्लसमध्ये त्याशिवाय बीडपासून बीडपर्यंत (बीड म्हणजे टायरची रिममध्ये अडकणारी कड) आणखी एक थर, आणि डबलडाउन म्हणजे रबराखालचं अख्खं कापडच दुहेरी. श्वाल्बेमध्ये सुपर रेस, सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल अशी चढती भाजणी. टीपीआय, म्हणजे एका इंचातले धागे, जितके जास्त तितका धागा बारीक आणि टायर हलका नि लवचिक. साठचा धागा जाड, रांगडा. फक्त सगळ्या कंपन्या मोजतात एकाच पद्धतीने असं नाही. कॉन्टिनेन्टल ३/१८० लिहिते ते साठचे तीन थर मिळून. नुसता १८० बघून हुरळून जाऊ नका.

रबराचं गणित मला फार उशिरा कळलं. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे सरकला की परत मूळ आकारात येतो. या दाबण्या-फुगण्यात रबर गरम होतं आणि त्या उष्णतेचं बिल आपल्या मांड्या भरतात. मऊ रबर जास्त ऊर्जा खातं आणि पकड जास्त देतं, कडक रबराचं उलट. श्वाल्बेने यासाठी पट्ट्यांचे रंग ठेवलेत: त्यांच्या ॲडिक्स रबरात लाल म्हणजे स्पीड, निळी म्हणजे स्पीडग्रिप, नारिंगी म्हणजे सॉफ्ट. मागच्या चाकाला माझ्या मते नारिंगी म्हणजे चैन.

शेवटी तीन उरले. श्वाल्बे रेसिंग राल्फ, मॅक्सिस ॲग्रेसर आणि व्हिटोरिया मेझकाल. ॲग्रेसरचे बाजूचे नॉब दणकट, गाल भक्कम, पण जड. डोंगर जास्त आणि डांबर कमी असतं तर डोळे मिटून तोच घेतला असता. राल्फ वेगवान, पण हव्या त्या जाड गालात तेव्हा मिळाला नाही. मेझकालची मधली नक्षी इतकी दाट की डांबरावर जवळपास सलग पट्टी लागते, आणि टीएनटी या त्यांच्या ट्यूबलेस कापडात तो गालाला संरक्षण देतो. मेझकाल टीएनटी, २.२५. घेतला.

० किमी: बसवणी

ट्यूबलेस. रिमला टेप, व्हॉल्व्ह, आणि आत १०० मिली सीलंट, म्हणजे भोकं आपोआप बुजवणारं द्रव. (दिसायला ताक, वासाला अमोनिया.) घरच्या फूट पंपाने बीड बसेना. साबणाचं पाणी झालं, व्हॉल्व्हचा कोअर काढून झाला, घाम निघाला. शेवटी चाक खांद्यावर टाकून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे.

‘ट्यूब कुठाय यात?’

‘ट्यूब नाहीये काका, ट्यूबलेस आहे.’

‘सायकलला? बरं, आण.’

पितळी ॲडाप्टर लावला, कॉम्प्रेसर सुरू झाला आणि फाट्, फाट् करत दोन्ही बीड बसले. गालावर छापलेल्या कमाल दाबाच्या वर जायचं नाही, एवढं आधीच सांगून ठेवलं होतं. काकांनी चाक हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाले, ‘बाण उलटा आहे रे.’ म्हणजे टायर फिरण्याची दिशा दाखवणारा गालावरचा बाण. घरी तीनदा बघितलं होतं, तरी उलटा. सगळं सोडून परत बसवलं. पैसे त्यांनी एकदाचेच घेतले.

६० किमी: उताराची चाचणी

सोसायटीमागे सरळ उतार आहे आणि पुढे सपाटी. पेडल न मारता सोडायचं आणि गाडी थांबेल तिथे खडूची रेघ. काढलेला टायर आतून पॅच लावून दुसऱ्या चाकावर ठेवला होता, म्हणून तुलना करता आली. तेच कपडे, तीच बसण्याची पद्धत, प्रत्येकी तीन फेऱ्या. जुना ट्यूबसकट ३८ पीएसआयवर, मेझकाल २६ वर. नवा सरासरी साडेसहा मीटर पुढे गेला. यात टायर बदलला, ट्यूब गेली आणि दाबही बदलला, तेव्हा श्रेय कोणाला किती द्यायचं हे यावरून ठरत नाही. पण दाब कमी करूनही डांबरावर वेग गेला नाही, माझ्यासाठी एवढं बस.

खडबडीत वाटेवर तर कमी दाबाचा फायदाच होतो. ३८ वर प्रत्येक खडा गाडीला आणि माणसाला वर फेकतो. २६ वर टायर खडा गिळतो.

२१० किमी: सराटे

पाऊस संपून गवत वाळलं की सराटे कडक होतात. गोखरू म्हणा, सराटा म्हणा, काटा एकच. कसाही पडला तरी एक टोक आकाशाकडे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातले सायकलवाले ज्या ‘गोटहेड’ला शिव्या घालतात ती हीच वनस्पती. तिकडे ती परकी, मूळची आपल्या बाजूच्या जगातली. एकेका दिवाळीनंतरच्या राइडला मी चार-चार ट्यूबा शिवल्या आहेत.

या रविवारी फाट्यावरून परत येताना मागच्या टायरमध्ये मोजून अकरा होते. उपटू नका! घरी येऊन एकेक काढायचा, भोक खाली करून चाक हळू फिरवायचं, पांढरा थेंब येतो आणि बंद होतो. अकराच्या अकरा बंद झाले. टायर जाड म्हणून काटे अडले नाहीत, ते आत गेलेच. काम सीलंटने केलं. काटा ही सीलंटची जबाबदारी आणि दगड ही गालाची, हे दोन हिशेब मी आजवर एकात घालत होतो.

४३० किमी: पडलो नाही, पण

टेकडीवर कडक जमिनीवर मुरुमाचा पातळ थर असतो, फरशीवर ज्वारी सांडल्यासारखा. तिथे वळणावर मागचं चाक सुटलं. मेझकालचे बाजूचे नॉब बुटके आहेत, हे होणारच होतं. मात्र सुटतं ते हळूहळू, सांगून सुटतं. ब्रेक लॉक करायची सवय मोडावी लागली, नाहीतर तीन महिन्यांत मधली नक्षी सपाट. चढावर, बसून दमाने पेडल मारलं तर पकड पुरेशी आहे. उभं राहून मारलं की चाक जागीच फिरतं.

७४० किमी

खाणीच्या त्याच उतारावरून आतापर्यंत नऊ वेळा गेलो. डाव्या गालावर दोन लांब ओरखडे, कापड कुठेही दिसत नाही. व्हर्नियरने मधले नॉब मोजले, ०.६ मिमी झिजलेत. व्हॉल्व्हमधून काडी घालून बघितलं तर सीलंट जवळजवळ आटलेलं. दोनच महिने झाले होते, पण एप्रिलचं ऊन. आणखी ६० मिली घातलं.

जूनमध्ये काळ्या मातीत ही दाट नक्षी चिखलाने भरून गुळगुळीत होणार, यात शंका नाही. तेव्हा पानशेतकडचे फाटे बंद, फक्त डांबर आणि टेकडीची खडकाळ बाजू. पॅच लावलेला जुना टायर माळ्यावर आहे. बायको म्हणते टाकून दे. त्याच्या गालाचे तुकडे कापून टूल बॅगेत ठेवलेत, चिक्कीच्या वेष्टनापेक्षा बरे.