मॉडेम हँगअप

2000 सालची गोष्ट. सांगलीत गणपती पेठेतल्या एका हळदीच्या पेढीचं काम घेतलं होतं. हरिपूरला त्यांची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीखालचं हवाबंद कोठार. 2005 च्या पुरात त्यातली बरीच गेली. किती पोती उतरली, किती निघाली, ते वहीत लिहून दिवाणजी रोज रात्री सायकलवरून पेठेत यायचे. शेठना तो आकडा फोनवरून थेट कॉम्प्युटरात हवा होता.

पेढीतल्या जुन्या पेंटियमवर रेड हॅट 6.2 हे लिनक्स टाकलं, मॉडेम (फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडणारा डबा) जोडला. शेठनी 56 केचे दोन मॉडेम आणलेले, वेग मात्र 33.6 च्या वर जाईना. दोन्ही टोकांना साधी लाइन असली की तेवढाच मिळतो, हे तीनदा सांगितलं. पटलं नाहीच. पैसे 56 चे दिले होते ना!

घंटी वाजली की लिनक्सवरचा एमगेटी हा प्रोग्राम फोन उचलतो आणि समोरून पीपीपी (फोनवरून नेटवर्क जोडायची भाषा) आलंय का, ते पहिल्या काही बाइटांवरून ओळखतो. पण त्यासाठी त्याच्या सेटिंगमधल्या ऑटोपीपीपीच्या ओळीपुढचा हॅश (#, ओळ बंद ठेवणारी खूण) काढावा लागतो; तोवर लॉगिनपुढे नुसता ~}# असला कचरा. तो काढला, तर हरिपूरहून सर्व्हरला, म्हणजे त्या पेंटियमला, पिंग (नेटवर्कवरची हाक) लागे, पेढीतल्याच हिशेबाच्या मशीनला लागेना. अर्धा दिवस केबली तपासल्या. राहिला होता एकच शब्द, प्रॉक्सीएआरपी. हिशेबाचं मशीन हरिपूरचा आयपी पत्ता पेठेतल्याच वायरवर शोधत होतं आणि ‘त्याचा माल माझ्याकडे द्या’ म्हणणारं कुणी नव्हतं. तो शब्द लिहिला आणि गाडी धावली. त्या रात्री मी स्वतःवर फार खूश होतो.

पुढच्या आठवड्यात लाइन तुटायला लागली. फाइल निम्मीच यायची. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींत, रोज तेच: मॉडेम हँगअप. शेठनी विचारलं, कोण तोडतंय? मी म्हणालो, “आपल्याकडं सगळं ठीक आहे. तिकडूनच ठेवत असतील.” शेठ दिवाणजींना माझ्यादेखत नको ते बोलले. आयुष्य पेढीवर काढलेला माणूस मान खाली घालून उभा. त्या ओळीचा अर्थ कॅरियर, म्हणजे समोरच्या मॉडेमचा सूर, गेला, एवढाच. कुणी घालवला ते ती सांगत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

चार दिवसांनी दिवाणजींनी वही पुढे केली. लाइन लागल्याची वेळ, तुटल्याची वेळ, वार. “साहेब, जरा बघा की. रविवारी तुटत न्हाई.” तुटलेल्या वेळा सगळ्या साडेआठच्या आसपास. माझ्या लॉगमध्येही त्या होत्याच, ओळीच्या सुरुवातीला. मी वाचत होतो शेवटचे दोन शब्द.

त्या रात्री पेढीतच थांबलो. साडेआठला वरच्या मजल्यावर मालिका संपली, आणि मिनिटभरात मॉडेमचा सीडीचा, म्हणजे कॅरियरचा, दिवा विझला. वर धावलो. शेठच्या आई रिसीव्हर कानाला लावून, “मिरजेला लेकीला फोन करत्ये, तर ही कसली खरखर!” त्याच लाइनीवरचा पॅरलल, म्हणजे दुसरा फोन. मॉडेम लावताना मी खालचं सॉकेट पाहिलं होतं, भिंतीवरून वर गेलेली वायर नाही.

पॅरलल काढला. आजींचा राग ओढवून घेतला तो वेगळाच. शेठ “बरं झालं” म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. दिवाणजींना काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हरिपूरला गेलो, त्यांच्यासोबत चहा प्यायलो, आणि हळदीच्या भावावर बोलत बसलो.

साडेआठ उलटून गेले, फाइल पूर्ण गेली. दिवाणजींनी वेळ लिहिली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

“सही करा हितं.”

केली.