हाजीला नवल का वाटत नाही?

आज बराच वेळ ‘जॉनी क्वेस्ट’चे जुने भाग बघत बसलो. जॉनी नावाचा मुलगा आणि त्याचे शास्त्रज्ञ वडील डॉ. क्वेस्ट यांच्या साहसांची ही १९६४-६५ची अमेरिकी कार्टून मालिका, एका हंगामाचे २६ भाग झाले आणि आटोपली. तिचा जनक डग वाइल्डी मूळचा कॉमिक्सवाला, त्यामुळे गडद सावल्यांची ती चित्रं अजूनही खिळवून ठेवतात. पण माझं लक्ष सगळं जॉनीच्या भारतीय सोबत्याकडे, हाजीकडे होतं.

लहानपणी त्या सगळ्या पात्रांत आपल्यातला वाटणारा हा एकच पोरगा, म्हणून त्याचं कोण कौतुक! आता नीट पाहिलं तर त्याला नेमका कुठला म्हणायचं? गाव कलकत्ता, नाव हाजी, डोक्यावर रत्न खोवलेला फेटा, तोंडी ‘सिम सिम सलाबिम’ हा मंत्र पाश्चात्त्य जादूगारांचा. ‘भारत’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे जे आलं ते सगळं एकाच पोराच्या अंगावर चढवलंय. ज्यूडो येतं, तर तेही अमेरिकी सैनिकाकडून शिकलेलं!

तरी त्याला हसण्यावारी नेणं जमत नाही. अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला जुलै १९६४मध्ये, ही मालिका सुरू झाली सप्टेंबरात. अशा दिवसांत एक गोरा शास्त्रज्ञ एका सावळ्या अनाथ मुलाला दत्तक घेतो आणि तो नोकर म्हणून नाही, जॉनीचा भाऊ म्हणून वावरतो. स्वभावाने जॉनीपेक्षा शांत, पुष्कळदा जास्त शहाणाही. हे थोडं नव्हतं.

खटकतं ते वेगळंच. क्वेस्ट मंडळींचं विमान जिथे उतरेल तिथली माणसं म्हणजे निव्वळ देखावा. अॅमेझॉनच्या जंगलातल्या एका भागात क्वेस्ट कुटुंबाचा अंगरक्षक रेस बॅनन अंगाला जांभळा रंग फासून टोळीचा जलदेव बनतो आणि अख्खी टोळी घाबरते. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण त्या टोळीत एकालाही शंका येऊ नये? देखाव्यातून उठून विमानात बसायला मिळालं ते एकट्या हाजीला. मुलींना तेवढंही नाही. रेसच्या ओळखीतली जेड एक-दोनदा डोकावते, बस्स. रेसची मुलगी जेसी यायला नव्वदचं दशक उजाडलं.

डिस्नेच्या १९९२च्या ‘अलादिन’मध्ये तर बाहेरून येणारा गोरा नायकच नाही, सगळे तिथलेच. तरीही अलादिन आणि जास्मिन अस्सल अमेरिकी उच्चारांत बोलतात, परका हेल उरतो तो पहारेकऱ्यांच्या आणि बाजारातल्या लोकांच्या वाट्याला. अरब-अमेरिकी लोकांनी आक्षेप घेतला, तेव्हा सुरुवातीच्या गाण्यातली कान कापण्याची ओळ १९९३च्या व्हिडिओत बदलली. तो मुलुख रानटी आहे असं सांगणारी पुढची ओळ मात्र तशीच राहिली. असल्या ठिगळांपेक्षा डिस्नेच्याच जुन्या ‘पीटर पॅन’ला २०२०मध्ये जोडलेली, ‘यातलं चित्रण चुकीचं आहे’ असं सांगणारी सूचना मला बरी वाटते. मूळ अमेरिकी आदिवासींची त्यातली थट्टा निदान झाकली तरी जात नाही.

‘जॉनी क्वेस्ट’च्या १९९६च्या नव्या मालिकेत हाजीला राजघराण्याचा हरवलेला वारस केलं. म्हणजे आधी जादूगार, मग राजा! मला त्याचा असा एक भाग हवा होता, ज्यात त्याला काडीचीही जादू येत नाही, क्वेस्ट कुटुंब राहतं त्या फ्लोरिडातल्या बेटावर तो पहिल्यांदाच पाय ठेवतो आणि यंत्रमानवांच्या मागे धावणाऱ्या, सदानकदा कुणाच्या तरी तावडीत सापडणाऱ्या या विचित्र कुटुंबाकडे तोंडाचा आ वासून बघत राहतो.