कोंबडी आजारी आहे हे कोंबडी सांगत नाही

कोंबडी आजारपण लपवते. कळपात जी मऊ पडली तिला बाकीच्या टोचून हैराण करतात, म्हणून ती शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं सोंग करते. पिसं फुगवून, शेपटी खाली टाकून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी राहिलेली दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यामुळे दिवसा त्यांच्याकडे बघून काही कळेल यावर माझा फारसा विश्वास नाही. माझी तपासणी अंधार पडल्यावर, सगळ्या दांडीवर बसल्या की.

तेव्हा त्या पळत नाहीत, हे पहिलं सुख. छातीखाली हात घालायचा आणि मधलं हाड चाचपायचं. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर ठीक. हाड धारेसारखं हाताला टोचलं तर कोंबडी बरेच दिवस खंगते आहे, वरून पिसारा कितीही भरदार असो. आमची टकली अशीच सापडली. दाण्यावर सगळ्यांच्या आधी धावायची, पण हातात घेतली तर नुसती पिसं. जंत होते. मग गळ्याखालची अन्नाची पिशवी. ती रात्री भरलेली आणि सकाळी दाणे टाकण्याआधी रिकामी हवी. सकाळीही टणक गोळा लागला तर लांब गवत किंवा असंच काही अडकलंय. पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली आणि चोचीला आंबूस वास आला तर आत बुरशी वाढली आहे. अशा कोंबडीला उलटं धरून पिशवी रिकामी करण्याचे व्हिडिओ फिरत असतात. ते करू नका. ते पाणी श्वासनळीत गेलं तर कोंबडी तुमच्या हातातच जाते.

सकाळचं दुसरं काम म्हणजे दांडीखालची शीट बघणं. घरातले नाकं मुरडतात, पण एवढी माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही. वर पांढरी टोपी असलेली घट्ट शीट नेहमीची. मधूनच एखादी तपकिरी, चिकट, घाण वासाची दिसते, तीही नेहमीचीच. नवी माणसं तिला हगवण समजून घाबरतात. खुडूक, म्हणजे उबवायला घरट्यात ठाण मांडून बसलेली कोंबडी दिवसातून एकदोनदाच उठते आणि भलामोठा, दुर्गंधी गोळा टाकते. तिचं खाणं कमी झालेलं असतं, तुरा फिका पडलेला असतो, हात नेला की फुगून अंगावर येते. तिला आजारी समजून औषध पाजणारे मी पाहिलेत. तिला औषध नको, पोटाखाली अंडी नकोत, फक्त घरट्यातून उठवायला हवं.

पण खुडूक नसलेल्या कोंबडीचा तुरा फिका पडायला लागला आणि अंडी कमी झाली, तर मी आधी खुराड्यावर संशय घेते. लाल पिसवा (खऱ्या पिसवा नव्हेत, रेड माइट नावाचे बारीक किडे) दिवसा सहसा कोंबडीच्या अंगावर नसतात. त्या दांडीच्या टोकांशी, फळ्यांच्या फटीत दडून बसतात आणि रात्री वर चढून रक्त पितात. दिवसा कोंबडी उलटीपालटी करून बघितली तरी काही सापडत नाही, आणि माणूस टॉनिक आणत बसतो. रात्री पांढरा कागद दांडीच्या खालच्या बाजूने घासा. लाल रेघ उमटली की निदान झालं. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला कुरकुर करू लागल्या तर तेही याचंच लक्षण. उपाय कोंबडीपेक्षा लाकडावर करायचा: दांड्या काढायच्या, फटी खरवडायच्या, कीटकनाशक मारायचं, आणि आठवड्याभराने पुन्हा, कारण तोवर अंड्यांतून नवी पिढी निघालेली असते. खुराडं रिकामं ठेवून त्या मरत नाहीत. उपाशी कित्येक महिने तग धरतात. उवांचं उलट. त्या कायम अंगावरच राहतात, शेपटीखालच्या पिसांच्या बुडाशी त्यांच्या अंड्यांचे पांढरे गुच्छ दिसतात.

पिल्लांचं दुखणं वेगळं. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) गाठते. पंख पाडून पिल्लं एकमेकांना चिकटून उभी राहतात, शीटेत रक्त दिसतं, आणि मग वाट बघायला वेळ नसतो. ओल हे खरं कारण. शीटेतून पडलेली जंतूंची अंडी ओलसर, उबदार भुशात एकदोन दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतालचा भुसा मी रोज हाताने दाबून बघते. औषध आहे: अँप्रोलियम, पाण्यातून, पाकिटावरच्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. ते बी-१ जीवनसत्त्वाची नक्कल करून त्या जंतूला उपाशी मारतं. तेव्हा त्याच दिवसांत ब जीवनसत्त्वाची बाटली पाण्यात ओतली तर औषधावरच पाणी.

शिंका आणि घरघर ऐकू आली की अँटिबायोटिककडे हात जातो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चेहरा सुजलेला, नाकातून घाण वासाचं पाणी, हे एक; रात्री छातीतून खरखर, हे दुसरं; आणि खुराड्यातल्या अमोनियाने डोळे चुरचुरणं, हे तिसरं, त्याला औषधच नाही, झाडू आहे. मायकोप्लाझ्मा या श्वासाच्या आजाराच्या जंतूची लागण झालेली कोंबडी औषधाने बरी दिसते, पण जंतू अंगात राहतात आणि पुढे नव्या कोंबड्यांना जातात. नवी आणलेली कोंबडी महिनाभर वेगळी ठेवावी ती यासाठीच. औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हेही तेव्हाच विचारून घ्यावं.

कोंबड्यांच्या देवी रोगाला (फाउल पॉक्स) औषध नाही. डास चावून येते, तुऱ्यावर आणि चेहऱ्यावर खपल्या धरतात, काही आठवड्यांत गळून पडतात. ओढून काढू नयेत, त्या खपल्यांतच विषाणू असतो. तोंडात पिवळट थर दिसला तर मात्र गंभीर, त्याने श्वास कोंडतो. मानमोडीलाही (राणीखेत) औषध नाही. हिरवी हगवण, धाप, पिळवटलेली मान दिसली की बाकीच्यांना वाचवणं एवढंच उरतं. या दोन्हींची लस असते आणि ती रोग येण्याआधीच द्यायची असते.

अंडं अडकलेली कोंबडी मात्र बऱ्याचदा घरी सुटते. शेपटी हलवत जोर करत राहते, चालते ती पाय फाकून. कोमट पाण्यात पंधरावीस मिनिटं बसवायचं, कॅल्शियम द्यायचं, अंधाऱ्या उबदार टोपलीत ठेवायचं. पोट दाबायचं नाही. अंडं आत फुटलं तर मोठी पंचाईत. काही तासांत सुटलं नाही तर डॉक्टर.

एकदम दोनचार कोंबड्या मेल्या तर मेलेलीला उघड्या हाताने उचलू नका आणि घरी चिरून बघू नका. बर्ड फ्लूची शक्यता गृहीत धरून आधी पशुवैद्यकाला कळवा. शवविच्छेदन करायचं ठरलं तर मेलेली कोंबडी नेईपर्यंत दुहेरी पिशवीत बांधून थंड ठेवायची, पण बर्फात गोठवायची नाही. गोठलेल्या अवयवांत तपासणाऱ्याला नीट काही दिसत नाही.