जिम अ‍ॅबटचा ग्लोव्ह

आज सुट्टी, म्हणून जिम अ‍ॅबटचे जुने व्हिडिओ बघत बसलो. मिशिगनमधल्या फ्लिंटचा हा बेसबॉलपटू, जन्मापासून उजवा पंजाच नाही. तरी मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, पिचर (चेंडू फेकणारा)!

माझी नजर त्याच्या ग्लोव्हवरच खिळली. चेंडू टाकताना ग्लोव्ह उजव्या हाताच्या टोकावर टेकवलेला. चेंडू सुटला रे सुटला की डावा हात ग्लोव्हमध्ये. चेंडू परत आला तर झेलायचा, ग्लोव्ह काखेत दाबायचा, चेंडूसकट हात बाहेर काढायचा आणि पहिल्या बेसकडे फेकायचा. किती वेळा मागे नेऊन पाहिलं, हात नेमका कधी सुटतो ते कळतच नाही.

४ सप्टेंबर १९९३ ला यँकीज संघाकडून त्याने क्लीव्हलँडविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण सामन्यात एकाही फलंदाजाला फटका मारून बेस गाठू दिला नाही, सगळे तेच सांगतात. मला मात्र त्याचं पुनरागमन जास्त भिडलं. १९९६ मध्ये २ विजय, १८ पराभव. १९९७ मध्ये खेळलाच नाही. विद्यापीठातून थेट मेजर लीगमध्ये आलेला हा माणूस १९९८ ला खालच्या लीगमध्ये जाऊन राबला आणि व्हाइट सॉक्स संघाकडून मेजर लीगमध्ये परतला. ५ सामने, पाचही जिंकले! त्यांचं चित्रण कुणाकडे असेल तर नक्की पाठवा.