आमची वाटचाल : मापात छापून देण्याचा व्यवसाय

चिपळूणमध्ये २००४ साली आम्ही हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा एक संगणक, एक लेझर प्रिंटर आणि भाड्याने घेतलेले झेरॉक्स यंत्र एवढेच आमचे भांडवल होते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, जत्रेची हस्तपत्रके अशी कामे येत आणि पेजमेकरमधील अक्षरजुळणीपासून छपाईपर्यंत ती आमच्याच दुकानात पूर्ण होत. चित्र लहान किंवा मोठे छापले गेल्याची तक्रार त्या काळात जवळजवळ नव्हतीच, कारण फोटो आम्हीच स्कॅन करत होतो, चौकट आम्हीच आखत होतो आणि कागदही आमच्याच यंत्रात जात होता.

ग्राहक स्वतःची फाईल घेऊन येऊ लागले तेव्हापासून परिस्थिती पालटली. प्रथम पेनड्राइव्ह आले, मग ईमेल आणि शेवटी व्हॉट्सॲप. आज आमच्याकडे येणारे लेबल मुंबईतल्या भाच्याने तयार केलेले असते, गावातल्या कोणीतरी ते वर्डमध्ये चिकटवलेले असते, बागायतदाराने मोबाइलवरून पुढे पाठवलेले असते आणि छपाईचे बटण आम्ही दाबतो. या प्रत्येक टप्प्यावर चित्राचे माप बदलू शकते, आणि बदलले तरी पडद्यावर काहीच दिसत नाही. "अहो दादा, पुण्याला हीच फाईल बरोबर निघाली, मग इथेच बारीक का?" हा प्रश्न आम्हाला इतक्यांदा विचारला गेला, की त्याचे नीट उत्तर शोधणे हाच पुढे आमच्या व्यवसायाचा मुख्य भाग झाला.

उत्तराचा पहिला भाग चित्रातच असतो. चित्राला सेंटिमीटर ठाऊक नसतात, त्याला फक्त पिक्सेल, म्हणजे रंगाचे बारीक ठिपके, असतात, आणि एका इंचात किती पिक्सेल बसवायचे याची एक नोंद फाईलमध्ये स्वतंत्रपणे ठेवलेली असते. १२०० पिक्सेल रुंदीच्या बोधचिन्हात ही नोंद ३०० असेल, तर ते कागदावर ४ इंच, म्हणजे १०.१६ सेंटिमीटर येते. तीच नोंद ७२ असेल तर त्याच बोधचिन्हाची रुंदी सोळा इंचांच्या पुढे जाते, आणि वर्ड ते मुकाट्याने ओळीच्या रुंदीत कोंबून ठेवतो. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातले पिक्सेल कमी होतात आणि ही नोंदही बहुधा गळून पडते, त्यामुळे उघडणारे सॉफ्टवेअर आपल्या मनाने आकडा धरते. म्हणून फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि सोबत छपाईचे माप मिलिमीटरमध्ये लिहा, असा आग्रह आम्ही धरतो. "पोस्टकार्डाएवढे" किंवा "मागच्यासारखेच" हे माप आम्ही स्वीकारत नाही, मग ग्राहक कितीही जुना असो.

दुसरा भाग छापताना पडद्यावर उघडणाऱ्या छपाईच्या खिडकीत असतो, आणि आमच्या अनुभवात बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते. पीडीएफमध्ये पानाचे माप पक्के असले, तरी छापताना 'फिट' हा पर्याय निवडलेला राहिला, तर प्रिंटरला ज्या कडांवर छापता येत नाही त्या सोडून उरलेल्या जागेत संपूर्ण पान बसवले जाते. अनेक लेझर प्रिंटर प्रत्येक कडेला चार मिलिमीटरच्या आसपास जागा सोडतात, त्यामुळे ए-४ पान ९६ ते ९७ टक्क्यांपर्यंत आकसते. साध्या पत्राला याने काही बिघडत नाही. आंब्याच्या पेटीवर लावायच्या, आधीच कापे दिलेल्या स्टीकरच्या कागदावर मात्र हा दोष लगेच उघडा पडतो : आठ ओळींपैकी मधल्या दोन ओळी जवळजवळ बरोबर बसतात, वरची ओळ सुमारे चार मिलिमीटर खाली येते आणि तळची तितकीच वर सरकते, म्हणजे पहिल्या ओळीतील स्टीकर सोलला की बागेचे नाव अर्धे त्याच्यावर आणि अर्धे शेजारच्यावर राहते. सर्व ओळी एकाच बाजूला सारख्या सरकल्या असतील, तर दोष ट्रेमधील कागदाचा असतो. मध्यापासून कडेकडे फरक वाढत जात असेल, तर दोष टक्केवारीचा असतो. आमच्याकडे नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला ही खूण पहिल्या दिवशी दाखवली जाते.

पट्टीने मोजण्याची शिस्त आम्हाला नकाशांनी लावली. कोकणात कलमांची बाग, पडवी आणि वहिवाटीची वाट यांवरून भावकीत किती ताणले जाते हे इथे सांगायला नको. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत स्कॅन करून तिच्या प्रती काढण्यासाठी लोक येतात आणि घरी जाऊन त्या प्रतीवर फूटपट्टी ठेवतात. १:१००० प्रमाणाच्या नकाशात १० सेंटिमीटरची रेघ जमिनीवर १०० मीटर असते. ती ९७ टक्क्यांनी छापली गेली की ९७ मीटर भरते, आणि क्षेत्रफळात लांबी-रुंदी दोन्ही आकसत असल्याने दहा गुंठ्यांचे सुमारे ९.४ गुंठे होतात. अर्ध्या गुंठ्याहून अधिक जमीन शेजाऱ्याने खाल्ली असे वाटायला एवढे पुरते. त्यामुळे नकाशाच्या प्रत्येक प्रतीवर आम्ही "मोजमापासाठी ग्राह्य नाही" असा शिक्का मारतो, आणि मूळ नकाशावर रेखा-प्रमाणपट्टी, म्हणजे जमिनीवरील अंतर दाखवणारी आखलेली रेघ, असेल तर ती कापली जाणार नाही याची काळजी घेतो, कारण आकड्यात लिहिलेले प्रमाण आकसलेल्या प्रतीवर खोटे ठरते, पण प्रमाणपट्टी नकाशाबरोबरच आकसते आणि खरी राहते.

हाच नियम दापोलीच्या कृषी विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या प्रबंधांनाही लागू पडला. सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या छायाचित्राखाली "४०० पट" असे लिहून मग ते चित्र पानात बसवण्यासाठी कोपऱ्याला धरून ओढले, तर ओळ चुकीची होते. चित्राच्या आत प्रमाणपट्टीसारखीच मोजरेघ घातली तर प्रश्न उरत नाही. प्रबंधांत आणखी एक दोष वारंवार दिसतो. ओळींतील अंतर 'एक्झॅक्टली' असे ठरवलेले असेल, तर मजकुरात घातलेल्या चित्राची फक्त तळची पट्टी दिसते आणि विद्यार्थी चित्र खराब झाले असे समजून ते पुन्हा पुन्हा घालत बसतात. त्या परिच्छेदापुरते अंतर 'सिंगल' केले की संपूर्ण चित्र दिसू लागते. याचे आम्ही पैसे घेत नाही. पारपत्राच्या आकाराचे फोटो हे काम संख्येने सर्वात मोठे आहे, परंतु ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचा साचा एकदा बसवल्यावर त्यात सांगण्यासारखे काही राहत नाही.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमधील इतर दुकानांप्रमाणे आमच्याही दुकानातील यंत्रे आणि कागदाचा साठा गेला. त्या काळाविषयी इथे एवढेच नोंदवायचे, की नवे संगणक आल्यावर मापाच्या तक्रारी पुन्हा सुरू झाल्या, कारण ते अमेरिकी प्रदेशाच्या मांडणीवर आले होते आणि त्यांत कागद ए-४ ऐवजी 'लेटर' होता. लेटर कागद २१५.९ गुणिले २७९.४ मिलिमीटरचा, म्हणजे ए-४ पेक्षा थोडा रुंद आणि बराच आखूड असल्याने २९७ मिलिमीटर उंचीचे पान त्यात बसवताना ते ९४ टक्क्यांवर येते. हा कागद आपल्या बाजारात सहसा मिळतही नाही, तरी त्याचे माप संगणकात ठाण मांडून असते. पुरात यंत्रांच्या जुन्या जुळण्या, म्हणजे मापाच्या दुरुस्तीचे आकडे, हेही गेले होते, म्हणून आता प्रत्येक यंत्राची जुळणी आम्ही कागदावर लिहून माळ्यावर ठेवतो.

नव्या कामाआधी आम्ही १०० मिलिमीटरची एक उभी आणि एक आडवी रेघ असलेले पान काढतो आणि पोलादी पट्टीने मोजतो. रेघ ९६ किंवा ९७ भरली तर 'फिट' काढून 'ॲक्चुअल साइझ' निवडायचे, ९४ भरली तर कागदाचे नाव तपासायचे, आणि ९९.५ भरली तर यंत्राची स्वतःची त्रुटी समजून टक्केवारी १००.५ करायची. उभी आणि आडवी रेघ वेगवेगळी भरली, तर चित्र कोणीतरी एकाच बाजूने ताणले असेल असे समजण्याचे कारण नाही, कारण चाचणीच्या पानात ग्राहकाचे चित्र नसतेच. तेव्हा आधी कागदाकडे पाहायचे.

कागदाचा हा प्रश्न मात्र आमच्याकडे अजून पूर्ण सुटलेला नाही. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत कागद फुगतो आणि तंतूंच्या आडव्या दिशेने तो अधिक वाढतो; लेझर यंत्रातील उष्णतेने पहिली बाजू छापताना त्यातील ओलावा उडून तो आकसतो, आणि मग दुसऱ्या बाजूचे चित्र पहिल्याशी तंतोतंत जुळत नाही. रीम बंद खोलीत ठेवणे आणि लागतील तेवढेच ताव बाहेर काढणे यांमुळे फरक कमी झाला आहे. तरीही जून ते सप्टेंबर या काळात दोन्ही बाजू छापायच्या असतील, तर चौकटीची रेघ काढून टाकावी किंवा कडेला दोन मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी, असे आम्ही काम घेतानाच सांगतो, आणि ज्यांना चौकट हवीच असते त्यांचे काम दिवाळीनंतर घेतो.